गल्लीच्या तोंडाला बाणाचा बोर्ड करून घेतला, त्या बोर्डवाल्याचा रिव्ह्यू

रेटिंग पाचपैकी चार. एक स्टार का कापला ते खाली येईलच. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण दोन-तीन तक्रारी पण आहेत आणि माणूस भला आहे, उगाच कोणीतरी स्क्रीनशॉट काढून त्यांना दाखवायचं. पण ज्यांचा धंदा आत गल्लीत आहे आणि मेन रोडला बाणाचा बोर्ड ठोकायचा विचार चालू आहे त्यांनी हे वाचा, कारण बोर्ड बनवणं हा यातला सोपा भाग आहे, तो लावायचा कुठे हे अवघड आहे आणि बहुतेक बोर्डवाले ते विचारतच नाहीत.

तर आमचं पुण्यात पोळीभाजी केंद्र आहे, मी आणि माझी जाऊ मिळून चालवतो. गाळा मेन रोडपासून आत, दोन वळणं घेऊन, विठ्ठल मंदिराच्या मागे. मॅपवरची पिन मंदिराच्या पलीकडच्या भिंतीला पडते, म्हणजे नवीन गिऱ्हाईक बरोबर भिंतीच्या त्या बाजूला येऊन उभं राहतं आणि फोन करतं की ताई मी आलोय पण इथे तर नुसती भिंत आहे. ऐन डब्यांच्या वेळेला एका हातात लाटणं आणि एका हातात फोन. म्हणून ठरवलं की कोपऱ्यावर एक बाण पाहिजेच.

आधी फोनवरून इकडेतिकडे चौकशी केली. सगळीकडे एकच उत्तर, साईज सांगा, मॅटर व्हॉट्सॲप करा, उद्या घेऊन जा. फ्लेक्स तर इतका स्वस्त पडतो की विचार करायला कोणी थांबतच नाही. मग एका ओळखीच्या डेअरीवाल्याने या काकांकडे पाठवलं. दुकान छोटंसं, बाहेर स्क्वेअर पाईपचा ढीग, आत मशीनमधून कोणाच्या तरी वाढदिवसाचा भलामोठा फ्लेक्स सरकत सरकत बाहेर येत होता, त्यावर बावीस जणांचे फोटो आणि सगळ्यांचे गॉगल सारखे. काका मूळचे पेंटर, ब्रशने पाट्या रंगवायचे, आता मुलगा मशीन बघतो. मी साईज सांगायला तोंड उघडलं तर म्हणाले, "साईजचं नंतर बघू ताई, लावणार कुठे ते सांगा." इथेच मला माणूस पटला.

जाऊबाईंनी जागा हेरूनच ठेवल्या होत्या. कोपऱ्यावरचा विजेचा खांब, त्याच्या शेजारचं गुलमोहराचं झाड, नाहीतर फुटपाथवर एक स्टँडी, म्हणजे स्वतःच्या पायावर उभा राहणारा बोर्ड. काकांनी तिन्हीवर काट मारली आणि का ते पण सांगितलं, मी नंतर घरी बसून वाचून बघितलं तर माणूस बरोबर बोलत होता.

खांब एकतर महावितरणचा असतो नाहीतर महापालिकेचा, आपल्या बापाचा नसतो. खांबांवर ज्या छोट्या उजळ पेट्या दिसतात ना जाहिरातीच्या, किऑस्क म्हणतात त्यांना, त्या टेंडर काढून दिलेल्या असतात, त्या बघून आपणही तारेने बांधून टाकू असं चालत नाही, आणि पावसाळ्यात लोखंडी फ्रेम विजेच्या खांबाला टेकवणं हा वेगळाच विषय. झाडाचं तर त्याहून कडक आहे. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे आणि त्यात झाड तोडणे याच्या व्याख्येत झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणं पण येतं. म्हणजे पाच इंची खिळे ठोकून "क्लासेस, दहावी-बारावी" लावणारे सगळे कायद्याच्या नजरेत कुऱ्हाडवाल्यांच्या लाईनीत उभे आहेत. पुण्यात लोकांनी झाडांचे खिळे उपटायच्या मोहिमा काढल्या होत्या, किलोकिलोने खिळे निघायचे.

फुटपाथवरची स्टँडी तर सगळ्यात पटकन जाते. महापालिका अधिनियम १९४९ चा, त्यात रस्त्यात अडथळा होईल असं काही उभं करायचं नाही अशी कलमं आहेत आणि २३१ नंबरचं कलम असं आहे की आयुक्तांना ती वस्तू नोटीस न देता उचलता येते. नोटीस न देता. अतिक्रमणची गाडी आली की स्टँडी वर आणि गाडी पुढे, भांडायला जागाच नाही. आणि खरं सांगायचं तर बरोबरच आहे, आमच्या इथले एक आजोबा काठीने चाचपडत चालतात, त्यांना रोज कोणाची ना कोणाची स्टँडी आडवी येते. सरकारी भिंतीवर रंगवावं म्हटलं तर तिथे १९९५ चा मालमत्ता विद्रूपणाचा कायदा, तीन महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन हजार म्हणजे आजच्या भावात काही नाही, त्यामुळे कोणी घाबरत नाही ते वेगळं.

जाऊबाई म्हणाल्या, "अहो काका पण सगळ्यांनी लावलेत की!" काका म्हणाले, "सगळ्यांचे मीच करून दिलेत. आणि गाडीने उचलले की परत माझ्याकडेच येतात, माझं काय जातंय." हे वाक्य ऐकून मी ॲडव्हान्स काढून दिला.

आता मुख्य गोष्ट, जी मला आधी अजिबात माहीत नव्हती. त्याच १९४९ च्या कायद्यात २४४ आणि २४५ ही दोन कलमं आहेत, आकाशचिन्ह (म्हणजे इमारतीच्या वर, आभाळात दिसेल असा काढलेला बोर्ड) आणि जाहिरातींची. रस्त्यावरून दिसेल अशी जाहिरात लावायची तर आयुक्तांची लेखी परवानगी लागते, पण काही गोष्टींना सूट आहे. ज्या जागेत धंदा चालतो त्याच जागेवर, त्याच धंद्याचा बोर्ड, आणि त्याला लाईट नाही, आकाशात वर काढलेला नाही, तर त्याला ही परवानगी लागत नाही. खिडकीच्या आत लावलेल्याला पण नाही. म्हणजे आमच्या गाळ्याच्या दारावर "पोळीभाजी केंद्र" लिहिलं तर ती आमची पाटी. तीच पाटी, तीच अक्षरं, उचलून कोपऱ्यावरच्या बंगल्याच्या भिंतीला लावली आणि खाली बाण काढला की ती झाली जाहिरात, कारण धंदा तिथे नाहीये. बंगलेवाल्या आजींनी कितीही प्रेमाने हो म्हटलं तरी. आणि आपल्याच दारावरच्या पाटीच्या आत ट्यूबलाईट घातली की ती पण या सवलतीतून बाहेर. माझ्या डोक्यात इतके दिवस हे होतं की भिंत खाजगी असली की झालं, मालकाची परवानगी पुरते. नाही पुरत, मालकाची पण लागते आणि महापालिकेची पण.

पुण्यात हे काम आकाशचिन्ह व परवाना विभागाचं, अर्जासाठी आपलं क्षेत्रीय कार्यालय गाठायचं. मालकाचं संमतीपत्र, जागेचा फोटो, बोर्डचं माप आणि साधं ड्रॉइंग हे काकांनी स्वतः तयार करून दिलं, वेगळे पैसे न घेता. फी वर्षाची असते आणि चौरस फुटावर असते, आणि इथेच दुसरी गोष्ट जी काकांनी सांगितली नसती तर आम्ही मोठ्ठा बोर्ड करून बसलो असतो. आम्ही ४ बाय ३ धरून चाललो होतो, म्हणजे १२ चौरस फूट. ते म्हणाले ३ बाय २ करा, ६ होतात, बनवायचा खर्च एकदाच येतो पण ही फी दरवर्षी भरायचीये. स्वतःचं बिल कमी करून घेणारा दुकानदार मी तरी फार बघितलेला नाही.

एवढ्याशा बोर्डला एवढं कशाला, असं वाटतं. मलाही वाटलं. पण मग घाटकोपर आठवतं. १३ मे २०२४, वादळात पेट्रोल पंपावर होर्डिंग पडलं, १७ माणसं गेली, ते होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं आणि मुंबईत मर्यादा ४० बाय ४० ची. त्याच्या आदल्या वर्षी एप्रिलमध्ये इथे आपल्या पिंपरी-चिंचवडला किवळ्यात पडलं त्यात पाच जण गेले, पावसापासून आडोसा म्हणून खाली थांबलेले. त्यामुळे कडक नियमांना माझी हरकत नाही. हरकत अशी आहे की सहा चौरस फुटाचा बाण आणि चौदा हजार चौरस फुटांचं होर्डिंग एकाच दाराने आत जातात. खरं तर महापालिकेनेच प्रत्येक मोठ्या गल्लीच्या तोंडाला एक खांब रोवावा, त्यावर सारख्या मापाच्या पट्ट्या, दवाखाना, शाळा, गिरणी, खानावळ, जो भाडं भरेल त्याची पट्टी, लोकांनी आनंदाने पैसे भरले असते. त्याऐवजी सध्या काय आहे तर नियम पाळणारा संमतीपत्राची झेरॉक्स काढत बसतो आणि वाढदिवसवाले दादा चौकातल्या दिशादर्शक फलकावरच आडवे होतात, मागे लिहिलेलं "स्वारगेट" बिचारं कोणाला दिसत नाही. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनने याच्यासाठी हायकोर्टात याचिका केली होती, जानेवारी २०१७ मध्ये कोर्टाने बेकायदा बॅनर-होर्डिंगवर सगळ्या पालिकांना सविस्तर आदेश दिले. आदेश झाले, दादांचे वाढदिवस पण होतायत. असो.

रंगावरून आमची भांडणं झाली. जाऊबाईंना हायवेवर असतो तसा हिरव्यावर पांढऱ्या अक्षरांचा पाहिजे होता, म्हणे एकदम ऑफिशियल दिसतो. काका म्हणाले तेवढं सोडून काहीही करून देतो. मोटार वाहन कायद्याच्या ११६ व्या कलमात आहे की वाहतुकीच्या फलकासारखा दिसून चालकाची दिशाभूल करेल असा बोर्ड, किंवा त्या फलकाला झाकणारा बोर्ड, काढून टाकता येतो. आणि रस्त्यांच्या फलकांचे रंग ठरलेले आहेत, इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी ६७ म्हणून मानक आहे त्यात, राष्ट्रीय आणि राज्य महामार्गाला हिरवा, एक्सप्रेसवेला निळा, आतल्या रस्त्यांना पांढऱ्यावर काळी अक्षरं. निळ्या चौकोनात काटा-सुरी म्हणजे पुढे जेवणाची सोय आहे, ती पण सरकारी खूण. जाऊबाईंचा प्लॅन बी नेमका तोच होता. शेवटी हळदी पिवळ्यावर मरून रंग ठरला, लांबून झकास दिसतो, आणि पोळीभाजीला शोभतो पण.

मग मॅटर. मी पाठवलेलं मॅटर असं होतं, "घरगुती चवीची गरमागरम पोळीभाजी, थालीपीठ, पुरणपोळी ऑर्डरप्रमाणे, डबे मिळतील" आणि खाली दोन फोन नंबर आणि पूर्ण पत्ता. काकांनी वाचलं आणि कागद बाजूला ठेवला. म्हणाले एक इंच अक्षर दहा फुटावरून नीट वाचता येतं असा आमचा हिशोब, आता तुम्हीच ठरवा. मी घरी येऊन गणित केलं. गाडी चाळीसच्या स्पीडने म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. सहा इंची अक्षर साठ फुटांवरून वाचायला येणार, म्हणजे अठरा मीटर, म्हणजे स्कूटरवाल्याकडे दीड-पावणेदोन सेकंद आहेत आणि त्यातच इंडिकेटर पण द्यायचाय. दीड सेकंदात थालीपीठ कोण वाचणार. बोर्डवर राहिलं फक्त "पोळीभाजी", मोठा बाण, त्याखाली "१५० मीटर, विठ्ठल मंदिरामागे". फोन नंबर पण काढला, रस्त्यातून जाताना नंबर कोणी टिपून घेत नाही. वर त्यांनी एक बारीक गोष्ट सांगितली की मराठीला वर वेलांटी आणि खाली उकार असतो त्यामुळे सहा इंच हे शिरोरेघेपासून खाली धरायचे, वरखाली जागा वेगळी सोडायची, नाहीतर मशीनवाले वेलांटीसकट सहा इंचात कोंबतात आणि अक्षर चार इंचाचं होतं. पेंटर माणसाचा फायदा हा.

तक्रार नंबर एक इथे. प्रूफ मुलाने पाठवलं त्यात "विठ्ठल" तुटलेलं, ठ खाली पाय मोडून वेगळा उभा आणि शेजारी दुसरा ठ. त्यांचं कोरल, म्हणजे डिझाईनचं सॉफ्टवेअर, जुनं आहे, व्हॉट्सॲपवरचं युनिकोड त्यात टाकलं की जोडाक्षरांची वाट लागते, मग श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये परत टाईप करावं लागतं आणि परत टाईप करताना नवीन चुका होतात. दुरुस्त करून आलं तर "मंदिरामागे" चं "मंदीरामागे" झालेलं. मुलगा म्हणतो चालतंय की मॅडम, कळतंय ना. नाही चालत! शेवटी काकांनी त्याला बाजूला करून स्वतः बघितलं. तर टीप अशी की प्रूफ मोबाईलवर झूम करून एकेक अक्षर बघा, आणि छापायला हो म्हणायच्या आधी घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी दाखवा.

मटेरियलबद्दल थोडक्यात. फ्लेक्स नको म्हणाले, आणि कारण तुम्ही रोज बघताच, उन्हात लाल-पिवळा आधी उडतो आणि निळा-काळा राहतो म्हणून जुन्या फ्लेक्सवरची सगळी माणसं निळी दिसतात. सनबोर्ड, म्हणजे प्लास्टिकच्या फोमचा बोर्ड, आतल्या भिंतीला ठीक, बाहेर उन्हात वाकतो. आम्ही एसीपी घेतलं, म्हणजे दोन बाजूंना ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे आणि मध्ये प्लास्टिक, वजनाला हलकं, गंजायचा प्रश्न नाही, मागे स्क्वेअर पाईपची फ्रेम. अक्षरं रेडियमची, म्हणजे गाडीच्या उजेडात चमकतात, आणि ही आयडिया भारी आहे कारण आत लाईट नसल्यामुळे संध्याकाळच्या डब्यांच्या वेळी पण बोर्ड दिसतो आणि वायर, मीटर, शॉक काही भानगड नाही. खाली कोपऱ्यात परवाना नंबर टाकायला रिकामी पट्टी सोडली होती, परवाना हातात आल्यावर नंबर चिकटवून मगच बोर्ड भिंतीवर चढला. आधी चढवा म्हणून जाऊबाई मागे लागल्या होत्या, काकांनी बोर्ड दुकानातच ठेवून घेतला, दिलाच नाही.

दारावरची पाटी पण त्यांच्याकडूनच केली. ती मराठीतच होती आमची, त्यामुळे प्रश्न नव्हता, पण ज्यांची इंग्रजीत आहे त्यांच्यासाठी सांगते, दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानांना पण मराठी पाटी बंधनकारक आहे, देवनागरी आधी, आणि मराठी अक्षर दुसऱ्या भाषेपेक्षा लहान चालत नाही. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये पाट्या बदलायला दोन महिने दिले होते. काका सांगत होते की त्या नोव्हेंबरात रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मशीन चालू असायचं.

आता कापलेला स्टार. फिटिंगची पोरं. काकांच्या सज्जनपणाचा त्यांना वारासुद्धा लागलेला नाही. सकाळी येतो म्हणून दुपारी उगवली, ऐन डब्यांच्या गर्दीत, बंगलेवाल्या आजींच्या भिंतीला ड्रिल मारून खाली लाल माती तशीच सोडून गेली, मला जाऊन झाडावी लागली कारण आजींनी भिंत फुकट दिलीये, भाडं पण घेत नाहीत, आम्ही सणाला पुरणपोळ्या देतो तेवढंच. आणि बोर्ड लावला तो इतका खाली की समोर टेंपो उभा राहिला की बाण गायब. फोन केला तर मुलगा म्हणतो टेंपोवाल्याला सांगा. शेवटी काका स्वतः आले, समोरच्या फुटपाथवर उभे राहून बघितलं, मग स्कूटरवर बसून एक चक्कर मारून आले आणि बोर्ड वर घ्यायला लावला. जुनी भोकं सिमेंटने बुजवली पण रंग मारायचा राहिला तो राहिलाच. फिटिंगच्या वेळी स्वतः हजर राहा, आणि उंची ठरवताना रस्त्यात गाड्या उभ्या आहेत असं धरूनच ठरवा.

दुसरी छोटी तक्रार, बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. आम्हाला परवान्याच्या फाईलला लावायचं होतं म्हणून मागितलं, तर दोनदा आठवण करावी लागली.

बाणाचा फायदा झाला का, तर झाला. फोन पूर्ण बंद नाही झाले, पिन अजून भिंतीपलीकडेच आहे, ती सुधारायची रिक्वेस्ट टाकलीये. पण चालत्या गाडीवरचं गिऱ्हाईक, जे कधी येतच नव्हतं, ते यायला लागलंय, आणि आल्यावर विचारतात थालीपीठ आहे का, म्हणजे बोर्डवर लिहिलं नाही म्हणून काही बिघडलं नाही.

ज्यांना उद्याच्या उद्या स्वस्तात फ्लेक्स पाहिजे त्यांनी इथे जाऊ नका, काका प्रश्न विचारून हैराण करतील. ज्यांना एकदाच करून बरीच वर्षं बघायचं नाहीये त्यांनी जा. आम्हाला ३ बाय २ चं एसीपी, रेडियम, फ्रेम आणि फिटिंग धरून ३,४०० पडले, दारावरची पाटी वेगळी, महापालिकेची फी वेगळी. ॲडव्हान्स निम्मा घेतात, यूपीआय चालतं. दुपारी दीड ते चार बंद, आणि गणपतीच्या आधीचा महिना टाळा, तेव्हा मंडळांच्या कमानींची कामं असतात, तुमच्या बाणाकडे कोणी बघणार नाही.